पागेचा पावसाळा

मराठ्यांच्या घोड्यांवर लिहायला बसले की हात आपोआप तलवारीकडे जातो. कागद मात्र गवताकडे नेतात.

चिपळूणजवळ मौजे हलवर्ण इथे छावणीला राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले एक पत्र आहे. राजवाड्यांनी ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या आठव्या खंडात छापले. रयतेला त्रास देऊ नका, असे बजावणारे पत्र म्हणून ते शाळेच्या पुस्तकापासून निवडणुकीच्या व्यासपीठापर्यंत सगळीकडे पोचले आहे. व्यासपीठावर तर त्यात भाजीचा देठही घुसडला जातो. तो देठ दुसऱ्या पत्रातला, १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या. हलवर्णच्या पत्रात ‘काडीचा आजार’ आहे. दोन्ही कागद एकाच मनातून उतरलेले असले, तरी विषय वेगळे. रामाजी अनंतांचे पत्र शेतीविषयी आहे. हलवर्णचे पत्र घोड्यांच्या पावसाळ्याविषयी आहे, आणि रयत त्यात येते ती घोड्यांच्या तोंडचा घास कुठून येतो, या प्रश्नावरून.

आधी तारखेचा गुंता सोडवू. पुष्कळ ठिकाणी हे पत्र १६७३ सालचे म्हणून छापलेले दिसते. पत्रावर सुहूर सन ‘अर्बा सबैन व अलफ’ आहे, म्हणजे १०७४. हे सन मृगाला बदलते. १०७४चा मृग लागला १६७३ साली. तेव्हा त्या सनातला उन्हाळ्याचा शेवट यायचा तो १६७४च्या मे महिन्यातच. मजकूरही तेच सांगतो. पावसाळा दाराशी आहे, चिपळूणला लष्कराचा मोठा मुक्काम होऊन गेला आहे, आता घाट चढून वर जाण्याची सोय उरलेली नाही. १६७४च्या फेब्रुवारीत नेसरीला प्रतापराव गुजर पडले. त्यानंतर महाराज चिपळूणला आले, लष्कराची पाहणी झाली, हंबीरराव मोहित्यांना सरनोबती मिळाली. सगळे जुळते. म्हणजे रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालली होती त्याच दिवसांत महाराज गवताच्या गंजींचा हिशेब मांडत होते.

पत्रातली अडचण साधी आणि भयंकर आहे. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी पागेचा दाणा, वैरण आणि बाकीचा साठा करून ठेवला होता. लष्कराच्या मुक्कामात त्यातला बराच खर्च झाला. त्यात वैशाखाचे वीस दिवस पागा बसून खात राहिली. मग कारकुनांकडून आणि गडागडांवरचा गल्ला काढून कशीबशी बेगमी केली. आता हा साठा असेल तोवर हात सैल सोडून चारलात, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या दारी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी पाला. जीव मुठीत धरून राहिलेला कुणबीही मग गाव सोडील, आणि मोगल बरे होते म्हणेल.

हा साठा केवढा असेल? सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे : २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. म्हणजे एका जुमल्यात १२५ घोडी. दख्खनी तट्टू अंगाने लहान. त्याला दिवसाला सहा किलो वाळली वैरण धरली, तर चार महिन्यांत एका जुमल्याला ९० टन गवत लागते. हा हिशेब माझा, आजच्या अंदाजावर बेतलेला. दाणा त्यात धरलेला नाही. पत्र ‘जुमलेदारांनी’ असे अनेकवचनी आहे, तेव्हा गुणाकार पुढे वाचकाने करावा. एवढे गवत कोकणात पावसाआधी कापून, वाळवून, शाकारलेल्या जागी रचून ठेवायचे. पाऊस लागल्यावर डोंगर हिरवागार होतो खरा, पण ते ओले लुसलुशीत गवत आणि महिनाभर न सुकणारी जमीन घोड्याच्या पोटाला आणि खुरांना मानवत नाही.

इथे घोड्याच्या पोटाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पत्रातले एक वाक्य नुसते काटकसरीचे वाटेल. घोडा रवंथ करत नाही. त्याला ओकता येत नाही. जठर लहान, आतडे लांबलचक. थोडे थोडे आणि सतत खाणारे हे जनावर. दोन दिवस उपास घडवून तिसऱ्या दिवशी दाण्याची पाटी पुढे ठेवली, तर घोडा पोटशूळाने लोळू लागतो, कधी खुरांत सूज उतरून कायमचा लंगडा होतो, कधी मरतो. आता पत्रातला हुकूम पाहा. कारकून देतील तसा दाणा-रातीब घ्यावा, मध्ये उपास पडू नये, रोजच्या रोज खायला सापडावे, आणि असे होत होत घोडी ‘तवाना’ व्हावीत. रोज, नेमके, हळूहळू. आजचा कोणताही पशुवैद्य उपाशी घोड्यासाठी हेच लिहून देईल. पत्रात औषधाचा शब्द नाही, पण हे पथ्यच आहे, आणि घोड्याच्या बाबतीत पथ्य हे निम्म्याहून अधिक औषध असते.

‘रातीब’ हा शब्द मूळ अरबी. अर्थ, ठरवून दिलेला रोजचा वाटा. पागेत तो घोड्याचा होता. आज तो आपल्या दारात दुधाच्या पिशवीसाठी राहिला आहे. आपण दुधाचा रतीब लावतो तेव्हा तोंडात पागेची भाषा असते. तोबरा भरतो, एखाद्याला चाबकासारखे बोलतो, लेखात खोगीरभरती करतो (ती इथे होऊ नये याची काळजी घेतो आहे), तेव्हाही तीच. घोडा घरोघरच्या दारातून गेल्याला शंभर वर्षे उलटली तरी भाषेने अजून खोगीर उतरवलेले नाही.

पत्राचा उत्तरार्ध आगीविषयी आहे, आणि तिथे महाराजांची नजर अगदी जमिनीलगत येते. कोणी शेकोट्या पेटवील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूला विस्तव नेईल. वारा सुटला आहे, गवत पसरले आहे, हे कोणाच्या ध्यानात राहणार नाही. रात्री घरात दिवा जळत असेल आणि उंदीर त्याची वात ओढून नेईल. वात गवतात, गवताची एक ‘लहळी’ पेटली की सगळ्या पेटल्या, एक खण पेटला की सगळे खण. मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी एक लाकूड मिळणार नाही. शेवटी निष्कर्ष असा की घोडी बांधायला नकोत, खायला घालायला नको, पागाच बुडाली! यातला उपरोध आजही बोचतो. सतराव्या शतकातल्या राजाच्या हुकमात उंदीर सापडणे विरळा. तो सापडतो, कारण लिहिवणाऱ्याला पागा आतून माहीत आहे.

आता दुसरा कागद. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजारामांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, ती महाराज गेल्यानंतर पंधरा-सतरा वर्षांनी. ते स्मरणातले लिखाण आहे. प्रसंगांच्या तपशिलात ते घसरते, पण व्यवस्थेच्या बाबतीत, म्हणजे कोणाच्या हाताखाली किती माणसे आणि कोणाला किती होन, त्यावर अभ्यासक बऱ्यापैकी विसंबतात. पावसाळ्याच्या छावणीविषयी सभासद सांगतो की लष्कर आपल्या मुलखात परत यावे, आणि त्याच्यासाठी दाणा, रतीब, औषधे, गवताने शाकारलेली घरे आणि पागा आधीच तयार असाव्यात. दसऱ्याला पुन्हा कूच.

या यादीत मला अडवतो तो ‘औषधे’ हा शब्द. तो कुठे बसवला आहे ते पाहण्यासारखे आहे : दाण्याच्या आणि छपराच्या मधोमध. औषध हा पावसाळ्याआधी भरून ठेवायचा माल आहे, मीठमिरची भरावी तसा. आणि त्याच बखरीत २५ घोड्यांमागे नेमायची माणसे मोजली आहेत : एक पखालजी, एक नालबंद. पाणी आणि खूर. २५ घोडी दिवसाला ५०० लिटरच्या वर पाणी पितात, तेव्हा पखालजी का हवा ते कळते. सह्याद्रीच्या खडकावर नालबंद का हवा तेही. वैद्य मात्र या गणतीत नाही.

शेजारी ठेवून पाहायला ‘आइन-इ-अकबरी’ सोयीची आहे. अबुल फज्लने अकबराच्या तबेल्यातली माणसे हुद्द्यावार नोंदली, त्यांत घोड्यांचा वैद्य, ‘बैतार’, स्वतंत्र आहे. आणखी एक माणूस आहे : सिपंदसोज, म्हणजे घोड्यांना दृष्ट लागू नये म्हणून हरमळाचे बी जाळून धुरी देणारा. पगारी दृष्ट काढणारा! हसू येते, पण थोडे थांबावे. ज्या तबेल्यात शेकडो जनावरे एका छपराखाली उभी असतात तिथे धुरी ही माशा, डास आणि कोंदट हवेवरचाही उपाय असते. त्या माणसाला आपण देवभोळेपणाच्या खात्यात टाकायचे की आरोग्याच्या, हा प्रश्न आपला आहे. तबेल्याच्या हिशेबनीसाला तो पडला नव्हता. त्याने त्याचा पगार लिहून ठेवला.

मराठी कागदांत वैद्यांची यादी सापडते ती पागेत नाही, गडावर. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र हे १७१५च्या सुमाराचे. गडावर कोणकोण माणसे असावीत ते सांगताना त्यात रसायनवैद्य, झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य, जखमा बांधणारे आणि पंचाक्षरी येतात, आणि लगेच पुढे लोहार, सुतार, पाथरवट, चांभार. प्रत्येकाच्या एकदोन असामी ठेवाव्यात. झाडपाल्याचा वैद्य हा इथे निराळा धंदा आहे, भस्मे-मात्रा देणाऱ्या रसायनवैद्याहून वेगळा, आणि त्याची पंगत मंत्र घालणाऱ्या पंचाक्षऱ्याबरोबर तशीच लोहाराबरोबरही. राज्यकर्त्याच्या लेखी ते सगळे कारागीर. गड अडून बसला तर खालून काही येणार नाही, म्हणून आत सगळे हवे. घोडी मात्र गडाखाली. सभासदाची बखर आणि आज्ञापत्र शेजारी ठेवले की माझा ग्रह असा होतो की पागेतले औषधपाणी वेगळ्या वैद्याच्या हाती नव्हते. ते नालबंदाच्या, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या आणि जाणत्या जुमलेदाराच्या हातचे होते, आणि औषधांचा साठा सरकारातून येत होता.

मग शास्त्र कुठे होते? ते पोथ्यांत होते, आणि उदंड होते. शालिहोत्राच्या नावावर मोठी परंपरा आहे. घोड्याच्या वैद्याला ‘साळोत्री’ हे नावच त्यावरून पडले. जयदत्ताचे अश्ववैद्यक आणि नकुलाच्या नावावरचा अश्वचिकित्सेचा ग्रंथ कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेत १८८७च्या आसपास छापले गेले. नकुलाचे अश्वशास्त्र रंगीत चित्रांसह निघाले ते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून, १९५२ साली. म्हणजे भोसल्यांनी जपलेल्या पोथीखान्यातून. बहमनी दरबारासाठी शालिहोत्राचे फारसीत भाषांतर झाले होते. अग्निपुराणातही अश्वचिकित्सेचा अध्याय आहे आणि त्याला जोडूनच अश्वशांतीचा. औषध आणि शांत, पाठोपाठ. अकबराचा बैतार आणि सिपंदसोज यांची जोडी इथेही आहेच.

त्या पुराणातला पोटशूळावरचा एक योग असा : हिंग, पुष्करमूळ, सुंठ, अम्लवेतस, पिंपळी आणि सैंधव, गरम पाण्यातून. सहातले चार जिन्नस आजही कोणत्याही मराठी घरात निघतील. वायू धरलेल्या लेकराच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावणारी आजी आणि शालिहोत्र यांच्यात अंतर फारसे नाही.

हा योग पोथीतच राहिला नव्हता याचा पुरावा गोव्यात सापडतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ साली त्याने गोव्यातच आपला औषधींवरचा संवादग्रंथ छापला. हिंगाच्या प्रकरणात तो एक हकिकत देतो. विजयनगरात एका पोर्तुगीजाचा एक मौल्यवान घोडा होता, पण त्याला वायूची खोड. म्हणून राजा तो घेईना. मालकाने त्याला पिठात कालवून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने चांगली किंमत देऊन तो घेतला. कशाने बरा केलास, असे विचारता मालकाने हिंगाचे नाव सांगितले. राजा म्हणाला, यात नवल ते काय, तू त्याला देवांचे अन्न चारलेस. त्यावर पोर्तुगीज आपल्या भाषेत पुटपुटला की देवांचे कसले, सैतानांचे म्हणा.

एवढ्याशा गोष्टीत केवढा व्यवहार भरला आहे. घोडा समुद्रापलीकडून, बहुधा होर्मुझकडून गोव्याला उतरलेला. त्या व्यापारावर पोर्तुगिजांची पकड. हिंगही त्याच दिशेचा, खोरासान-इराणकडचा. दोन्ही परके. पण हिंगाला इथे देवत्व मिळाले, घोड्याला विजयादशमीची पूजा मिळाली, आणि या दोघांना ज्याने जहाजातून आणले त्याला वास सोसवेना. ओर्ताला तो प्रसंग लिहावासा वाटला हे त्याचे मोठेपण. तो गेल्यावर, १५८० साली, गोव्याच्या धर्मन्यायासनाने छुपा ज्यू ठरवून त्याची हाडे उकरून जाळली. त्याचे पुस्तक मात्र तोवर लॅटिनमधून युरोपभर गेले होते.

पोथी आणि पागा यांतला फरक रंग-खुणांच्या बाबतीत उलटा होतो. औषधांत शास्त्र राजाच्या घोड्यापाशी थांबले. लक्षणांत ते थेट बाजारापर्यंत उतरले. घोड्याच्या अंगावरचा कोणता भोवरा शुभ, कोणता अशुभ, याची पोथ्यांत पाने भरली आहेत. औरंगजेबाच्या दख्खनमधल्या कारभाराचे जे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत त्यांत शिपायाचा आणि घोड्याचा ‘चेहरा’ नोंदलेला असतो : रंग, टिळा, पांढरे पाय, डाग. तिथे हेतू शुभाशुभाचा नाही, चोरीचा आहे; चांगला घोडा दाखवून पगार घ्यायचा आणि रणात मरतुकडे तट्टू आणायचे, ही लबाडी पकडण्यासाठी. पाहणी तीच, मतलब दोन. आजही दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी सारंगखेड्याला जा. पंचकल्याणी, देवमण, अबलख हे शब्द सौद्यात खणखणत असतात, आणि लाखोंची बोली एका वाईट भोवऱ्यापाशी अडते.

या सगळ्यातून मला जे दिसते ते सांगतो. पोथ्यांतला घोडा एकटा असतो, सुलक्षणी, राजाचा, आणि त्याच्या आजारांना नावे असतात. कागदांतला घोडा १२५ जणांत एक असतो आणि त्याला एकच आजार असतो, भूक. पोथी त्याच्या भुकेची किंमत कोण देतो हे विचारत नाही. हलवर्णचे पत्र विचारते, आणि उत्तर म्हणून कुणब्याचे नाव घेते. मराठ्यांच्या अश्वविद्येचा मोठा ग्रंथ म्हणून मला कोणी बोट दाखवायला सांगितले, तर मी त्या पत्राकडे दाखवीन. त्याच्या तोडीचे पान नकुलाच्या नावावर नाही.

ज्या तट्टाच्या जिवावर हा कारभार चालला ते भीमथडीचे तट्टू राज्यगीतामुळे आता सगळ्यांच्या तोंडी आहे. गीताला राज्यगीताचा मान २०२३ साली मिळाला, आणि त्याच वर्षी भारतीय कृषी संशोधन परिषदेने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदली. ती टिकवली कोणी? भटक्या धनगरांनी. त्यांच्या वाड्यावर ही घोडी पाठीवर बिऱ्हाड वाहतात : भांडी, वाघूर, कोकरे, कधी लेकरू. फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या शेतांत मेंढरे बसवतात, त्या खताच्या बदल्यात भात घेतात. आणि पावसाच्या आधी, काही झाले तरी, घोड्यांसकट घाट चढून परत देशावर येतात.